दारात नारळ लावायचा की बहावा? आधी जागा बघा, मग रोप न्या

मे महिना सरत आला की आमच्या रोपवाटिकेत दोन प्रश्न हमखास येतात. एक, "ताई, बहावा आहे का?" रस्त्यावरचा कुठला तरी बहावा पिवळाधमक झालेला नुकताच नजरेला पडलेला असतो. दुसरा, "नारळ लवकर धरणारा कुठला देताय?" कारण वास्तुशांत झालेली असते आणि सासूबाईंनी सांगून ठेवलेलं असतं की दारात नारळ पाहिजे. गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही प्रश्न एकाच घरातून येतात, आणि जागा असते एका झाडाची.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर सांगलीचं. त्यामुळे नारळवाले मला फितूर समजतात आणि बहावावाले कोकणी. मला विचाराल तर सांगली-मिरजेच्या दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर बहुतेक घरांना बहावाच बरा. पण नदीकडच्या ओल धरून बसणाऱ्या काळ्या जमिनीसाठी कुणी मागितला तर मी बहावा देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. हे कशावरून ठरवायचं ते सांगते.

वाढ कुठून होते?

दोघांची तुलना करताना लोक फुलं, फळं, सावली यांपासून सुरुवात करतात. मी खोडापासून करते, कारण बाकी सगळं तिथून ठरतं.

नारळ आणि बहावा यांचं नातं काही नाही. नारळ एकदल. शेतातला ऊस आणि ज्वारी त्याला बहाव्यापेक्षा जवळची. बहावा शेंगवर्गातला, म्हणजे तूर आणि चिंच यांच्या भावकीतला. नारळाची सगळी उंची शेंड्यातल्या एका कोंबातून येते. त्याला फांदी नाही, दुसरा डोळा नाही. बहाव्याला सालीखाली वाढता थर असतो, तो दरवर्षी नवं लाकूड घालतो आणि खोड जाड होत जातं. नारळाला असा थर नसतो. म्हणून नारळाचं रोप पहिली चार-पाच वर्षं जमिनीलगत नुसता बुंधा भरत बसतं, उंच होतच नाही, आणि लोक काळजीत पडतात. एकदा बुंधा भरला की मग तो साधारण त्याच जाडीने वर जातो. मध्येच एखाद्या वर्षी पाण्याचे हाल झाले तर खोड तेवढ्या भागात बारीक होतं, आणि पुढे कितीही खत घाला, ती बारीक कंबर तशीच राहते.

यातून तुमच्या कामाच्या तीन गोष्टी निघतात.

नारळाचा शेंडा मोडला, कुजला किंवा कुणी छाटला, की झाड गेलं. तीन-चार महिने झावळ्या हिरव्या दिसतात, माणूस आशेवर राहतो, पण झाड गेलेलं असतं. बहाव्याचा शेंडा गेला तर खालून फुटवे येतात. रूप बिघडतं, जीव जात नाही. वीज पडली तर उंच नारळ सहसा वाचत नाही, त्याचं कारणही हेच.

दुसरी जखमेची. नारळाच्या खोडात खिळा मारला, दिवाळीच्या माळेसाठी हुक ठोकला, चढण्यासाठी खापा पाडल्या, तर ते भरून येत नाही. त्याच भोकातून सोंड्या भुंगा आत अंडी घालतो. खोडावर तांबूस चिकट ओघळ दिसू लागेपर्यंत आत पोखरून झालेलं असतं. बहाव्याच्या जखमेच्या कडा फुगून ती हळूहळू झाकली जाते. म्हणून काय त्यालाही खिळे ठोकायचे असं नाही.

तिसरी मुळांची. "ताई, ह्याची मुळं घरात शिरत्यात का?" हा प्रश्न नारळाबद्दल जास्त विचारतात, कारण पडलेल्या नारळाचा बुंधा आणि त्याला लोंबणारी मुळं कुठेतरी पाहिलेली असतात. नारळाची मुळं असंख्य असतात, पण एकेक मूळ बोटाएवढंच राहतं, वर्षागणिक फुगत नाही. त्यामुळे पाया उचकटण्याची ताकद त्यांच्यात नसते. बहाव्याला सोटमूळ असतं आणि बाजूची मुळं जाड होत जातात. योग्य अंतर ठेवलं तर त्यानेही घराला धोका नाही. ड्रेनेजच्या पाइपला फट असेल तर मात्र कुठलंही झाड आत शिरेल, तिथे आधी प्लंबर बोलवा.

एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवते. जुना नारळ असलेलं घर विकत घेताय आणि झाडाचं वय काढायचंय, तर खोडावरच्या आडव्या वळ्या मोजा. प्रत्येक वळी म्हणजे गळून गेलेल्या एका झावळीची खूण. नारळाला वर्षाला साधारण १२ ते १४ झावळ्या येतात. वळ्यांना १३ ने भागा आणि बुंधा भरण्याची चार-पाच वर्षं त्यात मिळवा. उत्तर अंदाजाचं असेल, पण विकणाऱ्याने सांगितलेल्या वयापेक्षा खरं. बहाव्याचं वय असं बाहेरून सांगता येत नाही. त्याची वर्षं खोडाच्या आत, लाकडात असतात.

जागा कशी तपासायची

आधी वर बघा. विजेच्या तारा डोक्यावरून जात असतील तर तिथे नारळाचा विषयच संपला. बहावा ३० ते ५० फूट होतो, तोही तारांना लागेलच, पण तो छाटता येतो. छाटणारे येऊन एका बाजूने सपासप कापून जातात आणि झाड वाकडं दिसतं हे खरं, तरी दोन पावसाळ्यांत सावरतं. नारळाला छाटणीच नाही.

मग टेप घ्या. नारळाची झावळी १५ ते १८ फूट लांब असते. तीस-पस्तीस झावळ्यांचा घेर डोळ्यांपुढे आणा. भिंतीपासून किमान १२ फूट आणि दोन नारळांमध्ये २५ फूट ठेवा. गाडी उभी राहते तिथे, पत्र्याच्या शेडवर किंवा शेजाऱ्याच्या गच्चीवर घेर जात असेल तर नारळ नको. वाळलेली झावळी आणि पिकलेला नारळ विचारून पडत नाहीत. कोकणात पाडेली ठरलेला असतो, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन नारळ उतरवून जातो. इथे असा माणूस शोधत फिरावं लागतं, आणि मिळाला तरी तो त्याच्या सवडीने येतो. बहाव्याला भिंतीपासून १५ फूट द्या. त्याचा पसारा मोकळा असतो, पालाही दाट नसतो, त्यामुळे खाली अंधार होत नाही.

आता जमीन. इथे घाई करू नका. दोन फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा आणि मुरू द्या. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, त्यावर जाऊ नका. लगेच दुसऱ्यांदा भरा. हे दुसरं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात दिसत असेल, तर तिथे बहावा लावू नका. बहाव्याला निचरा लागतो. मुरूम, तांबडी माती, खडकाळ उतार सगळं चालतं, पण पाय पाण्यात ठेवून उभं राहायला त्याला जमत नाही. पाच-सहा वर्षांचं रोप पावसाळ्यात पिवळं पडू लागतं आणि लोक औषध मागायला येतात. पाणी बसत असेल तर औषध काय करणार?

कृष्णेकाठी राहणाऱ्यांना हे जास्त लागू. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तो पूर ओसरल्यावर हरिपूरच्या बाजूला ओळखीच्यांच्या अंगणात गेले, तर गाळ बुंध्यावर चढलेला, पण मोठे नारळ उभे होते. त्यांच्याच दारातला कोवळा बहावा दसऱ्यापर्यंत वाळून गेला. नारळाचा कोंब पाण्याच्या वर असेल तर येऊन जाणारा पूर तो सोसतो. महिनोन्‌महिने साचलेला चिखल मात्र त्यालाही सोसत नाही. वाळवा, पलूस, मिरज भागात उसाला पाणी देऊन देऊन ज्या जमिनी क्षारपड झाल्यात, तिथे नारळ बहाव्यापेक्षा जास्त टिकाव धरतो. समुद्राकाठचंच झाड ते. पण जमिनीवर पांढरा थर दिसत असेल तर आधी चर काढून निचरा करा, मग रोप.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांना मी एकच विचारते, उन्हाळ्यात झाडाला रोज पाणी घालायला मिळेल का? फळावरच्या नारळाला एप्रिल-मेमध्ये दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागतं. टेंभू-म्हैसाळचं पाणी शेताला आलं म्हणून अंगणातल्या टाकीत रोज तेवढं उरेल असं नाही. बहावा पहिली दोन वर्षं जगवला की पुढे पावसावर राहतो.

नारळ ठरला तर

जात आधी ठरवा. बाणावली उंच वाढतो, फळाला सहा-सात वर्षं घेतो, नीट निगा राखली तर वर्षाला ८० ते १०० नारळ देतो आणि दोन पिढ्या टिकतो. टी×डी, म्हणजे उंच आणि बुटक्या जातींच्या संकराची रोपं चार-पाच वर्षांत धरतात. शहाळ्यासाठीच हवा असेल तर ऑरेंज ड्वार्फ. तो बुटका असल्याने पहिली बरीच वर्षं शिडीच्या घोड्यावर चढून फळं काढता येतात, आणि पाडेली नसलेल्या गावात याला किंमत आहे. बुटकी जात लवकर धरते तशी लवकर थकते, हेही लक्षात ठेवा. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. तिथली किंवा सरकारमान्य रोपवाटिकेतली रोपं घेतलीत तर जातीची खात्री राहते. नारळ धरायला लागेपर्यंत फसवणूक कळत नाही आणि तोवर विकणाऱ्याने दुकान हलवलेलं असतं, म्हणून हे सांगते.

रोप निवडताना उंची बघू नका. सावलीत ठेवलेली रोपं नुसती लांबोडी होतात. नऊ ते बारा महिन्यांचं, बुंध्याला जाड, पाच-सहा पानांचं रोप घ्या. पानाच्या पाती लवकर सुट्या झाल्या असतील तर उत्तम.

कोकणात तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन रोप खाली बसवतात आणि झाड वाढेल तसा खड्डा भरत नेतात. इथे काळ्या मातीत तसं करू नका. खड्ड्यात पाणी साठतं, कोंबाशी चिखल जातो आणि कोंब कुजतो. कुजायला लागला की मधली सुई, म्हणजे न उघडलेली कोवळी झावळी, पिवळी पडते आणि ओढली तर हातात येते. खड्डा तेवढाच घ्या, पण तळाला मुरूम किंवा जाड वाळू घाला, वर माती आणि कुजलेलं शेणखत भरून जमिनीच्या पातळीला या, आणि नारळाचं फळ जेमतेम झाकेल इतकंच रोप पुरा. कोंबाचा गळा उघडा राहिला पाहिजे. उंचवट्यावरच्या जागेत जूनच्या सुरुवातीला लावा. पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर. पहिल्या उन्हाळ्यात दक्षिण-पश्चिमेकडून झावळ्यांचा आडोसा करा. गोणपाटही चालतं.

खत वर्षातून दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी, खोडाला चिकटवून नाही तर चार-पाच फुटांवर गोल चर करून द्या. पालाश कमी पडू देऊ नका. नुसता युरिया घालणाऱ्यांचे नारळ हिरवेगार दिसतात आणि धरत नाहीत.

किडीत इकडे मोठा त्रास गेंड्या भुंग्याचा. हा भुंगा शेणखताच्या उकिरड्यात वाढतो, आणि आपल्याकडे द्राक्षबागा, ऊस, हळद यांच्यासाठी खताचे ढीग जागोजागी. तो न उघडलेली सुई पोखरतो. मग झावळी उघडते तेव्हा कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसते. असं दिसलं की तारेचा आकडा भोकात घालून भुंगा बाहेर ओढा. वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून भरून ठेवा. उकिरडा झाडापासून लांब न्या, आणि पावसाआधी तो उलटून त्यातल्या पांढऱ्या जाड अळ्या कोंबड्यांना टाका. कोंबड्या यात हयगय करत नाहीत.

हिरव्या झावळ्या काढू नका. खोड स्वच्छ दिसावं म्हणून लोक काढतात, पण प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा, येते आणि ती झावळीच त्या पोयीला पोसते. पूर्ण वाळून लोंबायला लागलेली तेवढी काढा.

बहावा ठरला तर

बी घरी रुजवता येतं आणि त्यात मजा आहे. हिवाळ्याच्या शेवटी झाडाखाली पडलेली काळपट, हात-दीड हात लांब शेंग उचला आणि दगडाने फोडा. आत नाण्यांच्या चळतीसारखे कप्पे, प्रत्येकात एक बी आणि काळा चिकट गर. गर धुऊन टाका. मुलांना चाखू देऊ नका, रेचक असतो. आयुर्वेदात आरग्वध म्हणून वापरतात, पण किती द्यायचा ते वैद्याने ठरवायचं, आपण नाही. बियांचं कवच इतकं टणक असतं की नुसतं पेरलं तर काही बिया वर्षभर तशाच पडून राहतात. उकळतं पाणी खाली उतरवा, त्यात बिया टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी ज्या फुगल्या असतील त्या पेरा, बाकीच्यांची एक कड दगडावर घासून परत भिजत घाला.

विकत घेत असाल तर तीन-चार फुटांचं रोप पुरे. पिशवी उचलून तळ बघा. सोटमूळ पिशवी फोडून जमिनीत गेलं असेल तर उचलताना ते तुटणार. आतल्या आत गोल फिरलं असेल तर पुढे झाड वाऱ्याला धरत नाही. मोठा बहावा आणून लावायचा हट्ट धरू नका. वाढलेला नारळ क्रेनने हलवून नव्या जागी जगवता येतो, कारण त्याला बुंध्यातून नवी मुळं फुटतात. बहाव्याला ते जमत नाही, लहानपणी लावलेला बहावाच पुढे निघून जातो.

खड्डा दोन फुटांचा. एक बांबू रोवून सैल बांधा. पहिली तीन-चार वर्षं एकच मुख्य शेंडा ठेवा, माणसाच्या उंचीखालच्या फांद्या थोड्या थोड्या काढत जा, नाहीतर झुडूप होतं आणि फाटकातून येताना डोळ्यांत जातं. नंतर छाटायचा तर फुलोरा संपल्यावर लगेच. जानेवारी-फेब्रुवारीत कापाल तर त्या वर्षीची फुलं तुम्हीच कापली.

फुलं यायला पाच ते आठ वर्षं लागतात. याबद्दल गिऱ्हाइकाला मी आधीच सांगते. लॉनशेजारी, रोज पाणी पिणारा बहावा पाला खूप काढतो आणि फुलं बेताची देतो, असं मी बऱ्याच बंगल्यांत पाहिलंय. मोठा झाल्यावर हिवाळ्यापासून त्याचं पाणी तोडा. उन्हाळ्याच्या तोंडाला तो पानं गाळतो तेव्हा "झाड वाळलं" म्हणून फोन येतात. वाळत नाही. एप्रिल-मेमध्ये हातभर लांब घोस उतरतात, आणि भोवती काळे भुंगे घोंगावू लागतात. ते फुलाला कंप देऊन पराग झाडून घेतात, त्यांना घाबरून फवारणी करू नका. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, असंही सांगतात. एकाच गल्लीतले दोन बहावे तीन आठवड्यांच्या अंतराने फुललेले पाहिल्यापासून मी पेरणीसाठी हवामान खात्याचं ऐकते.

पावसाळ्यात हिरव्या अळ्या कोवळी पानं फस्त करतात. फिकट लिंबी रंगाच्या फुलपाखरांची पिल्लं ती. झाड लहान नसेल तर खाऊ द्या, पुन्हा पालवी येते.

दोन्ही हवेच असतील तर

तीन गुंठ्यांच्या वर जागा असेल तर जमतं. नारळ मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडाचं पाणी जातं तिथे. बहावा पुढे, उंचवट्यावर, जिथे पाणी थांबत नाही. दोघांत २५ फूट. बहाव्याच्या सावलीत नारळाचं रोप लावू नका, त्याला भर ऊन लागतं. उलट चालतं, पण कोवळ्या बहाव्यावर झावळी पडली तर शेंडा मोडतो.

"आत्ता लावू, नको वाटलं तर काढू" असं म्हणत असाल तर एवढं माहीत असू द्या, की शहराच्या हद्दीत स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते. त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. अर्ज, पाहणी, वाट बघणं, सगळं आलं.

रोप न्यायला याल तेव्हा खड्ड्यातलं दुसरं पाणी किती वेळात मुरलं ते आणि भिंतीपासूनचं अंतर कागदावर लिहून आणा. मोबाईलमधला फोटो दाखवू नका, त्यात तारा दिसत नाहीत.